'कोणाचा रे तू?' : सीमेवरच्या मुलाचा इतिहास

ब्रिटनच्या मोठ्या विमानतळांवर उतरणाऱ्या प्रवाशांपैकी अनेकांना आता अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागत नाही. काचेच्या एका अरुंद दारापाशी जायचे, पासपोर्टचे छायाचित्राचे पान यंत्रावर ठेवायचे, समोरच्या कॅमेऱ्याकडे निर्विकारपणे पाहायचे, आणि दार उघडले की पलीकडे निघून जायचे. पासपोर्टातील चिपमध्ये साठवलेला चेहरा आणि कॅमेऱ्याने आत्ता टिपलेला चेहरा एकाच व्यक्तीचा आहे काय, एवढाच प्रश्न यंत्र सोडवते. ऑगस्ट २००८ मध्ये मँचेस्टरच्या विमानतळावर हा प्रयोग सुरू झाला तेव्हा ही दारे प्रौढांसाठीच होती. पुढे बारा वर्षांवरील मुलांना त्यांतून जाण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२३ मध्ये ही मर्यादा दहा वर्षांवर आणण्यात आली. मुलांसाठी अटी दोनच. उंची किमान १२० सेंटिमीटर असावी आणि सोबत एक प्रौढ व्यक्ती असावी.

उंचीची अट कॅमेऱ्याच्या सोयीची आहे, हे उघड आहे. दुसरी अट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. सोबत प्रौढ हवा. पण तो मुलाचा कोण, हे दार विचारत नाही. दारातून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, तेव्हा मुलाला आपला पासपोर्ट आपल्या हाताने ठेवून, आपल्या चेहऱ्याच्या बळावर पलीकडे जावे लागते. मागे टेबलाशी बसलेले अधिकारी पडद्यावर आणि दारांवर लक्ष ठेवून असतात, कोण कोणाबरोबर आहे ते त्यांनी नजरेने ओळखायचे. यंत्रापुरते पाहिले तर दहा वर्षांचे मूल आणि त्याची आई या दोन सुट्या घटना आहेत.

आम्हांला हे न विचारणे ऐतिहासिकदृष्ट्या फार मोठे वाटते. आपल्याकडे वाडीवस्तीवर अनोळखी पोर दिसले की म्हातारी माणसे त्याचे नाव विचारीत नाहीत, 'कोणाचा रे तू?' असे विचारतात. बापाचे नाव सांगितले की पोराची ओळख पुरी होते. आधुनिक राष्ट्रांच्या सीमांनीही जवळजवळ शतकभर मुलांना नेमका हाच प्रश्न विचारला आहे, कधी मायेने आणि बहुधा संशयाने. 'तू कोण?' हा प्रश्न मुलाला स्वतंत्रपणे विचारला जाणे ही गोष्ट अगदी अलीकडची आहे. या दोन प्रश्नांमधले अंतर कसे कापले गेले, ते येथे पाहायचे आहे. यंत्राच्या बाजूने वा विरुद्ध निकाल देण्याची घाई आम्हांला नाही; मात्र यंत्र येण्यापूर्वी सीमेवर माणुसकी नांदत होती असे जे गृहीत धरले जाते, ते या इतिहासात टिकत नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आज आपण ज्याला पासपोर्ट म्हणतो (शासकीय मराठीतला 'पारपत्र' हा देखणा शब्द लोकांच्या तोंडी काही बसला नाही) तो पहिल्या महायुद्धातून जन्मला. १९१५ च्या सुमारास ब्रिटिश पासपोर्टावर छायाचित्र आणि शरीरवर्णन आले. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि तीत बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानातही प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा झाला. या पुस्तिकेचा नायक कुटुंबप्रमुख पुरुष होता. पत्नीची नोंद त्याच्या पासपोर्टात होई, आणि मुलांसाठी काही ओळी राखलेल्या असत. त्यांत नाव, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी एवढेच लिहायचे. पतीच्या पासपोर्टावर पती एकटा प्रवास करू शके. त्याच पासपोर्टावर पत्नीला एकटीने जाता येत नसे. मुलांचा तर प्रश्नच नव्हता.

म्हणजे मूल ही एक ओळ होती. तिला चेहरा नव्हता, सही नव्हती. अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडावा, चार ओळी मोजाव्यात, समोरची चार डोकी मोजावीत आणि शिक्का मारावा. त्या ओळीतले मूल आणि समोरचे मूल एकच, याचा पुरावा काय? बापाने त्याचा हात धरला आहे, हाच. आजच्या दृष्टीने ही व्यवस्था भाबडी वाटते. पण तिच्यामागे एक पक्की धारणा होती. मुलाला स्वतःची ओळख नसते, नाते असते, अशी ती धारणा.

या धारणेला पहिला मोठा तडा गेला तो आईबाप सोबत नसलेल्या मुलांमुळे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांनंतर ब्रिटिश सरकारने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय आश्रय देण्याचे मान्य केले. 'किंडरट्रान्सपोर्ट' या नावाने हे प्रकरण इतिहासाला माहीत आहे. २ डिसेंबर १९३८ रोजी पहिली सुमारे दोनशे मुले हार्विच बंदरात उतरली आणि महायुद्ध पेटेपर्यंत सुमारे दहा हजार मुले ब्रिटनमध्ये पोहोचली. या मुलांना कोणाच्या पासपोर्टातली ओळ होऊन येता येणार नव्हते. मग त्यांच्यासाठी एक कार्ड तयार करण्यात आले. त्यावर मुलाचे छायाचित्र होते, नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थान होते, आणि हे कार्ड असले की व्हिसाची गरज नव्हती. मुलाला चेहरा असलेला स्वतःचा कागद मिळाला. त्याच कार्डावर आईवडिलांची पूर्ण नावे आणि पत्ता यांसाठीही जागा होती. ती माणसे बर्लिन, व्हिएन्ना किंवा प्रागच्या स्थानकावर मागे राहिली होती आणि त्यांतील बहुतेक पुन्हा कधी भेटली नाहीत. पत्त्याची ती ओळ पुढे कित्येक मुलांच्या बाबतीत कुटुंबाची अखेरची शासकीय नोंद ठरली असेल.

'कोणाचा?' या प्रश्नाचे सर्वांत क्रूर आणि, लेखकाच्या दृष्टीने पाहिले तर, सर्वांत अद्भुत रूप मात्र दुसऱ्या किनाऱ्यावर दिसते. अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केले. पण अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस नागरिक ठरतो हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये मान्य केले होते, आणि अशा नागरिकाच्या चीनमध्ये जन्मलेल्या मुलांनाही प्रवेश मिळू शकत असे. एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, आगी लागल्या आणि शहराच्या जन्मनोंदी जळून गेल्या. आता आपला जन्म येथलाच असे अनेकांना म्हणता येऊ लागले. चीनला जाऊन परतताना ते तेथे मुलगा झाल्याचे नोंदवीत, आणि काही वर्षांनी त्या नोंदीच्या जागी कोणीतरी मुलगा येई. कधी खरा, कधी पुतण्या, कधी पैसे देऊन ती जागा विकत घेतलेला परका. इतिहासकार त्यांना 'कागदी मुलगे' म्हणतात.

मराठी वाचकाला कागदी मुलगा ही कल्पना नवी नाही. दत्तक म्हणजे दुसरे काय? आणि कागदावरचा मुलगा आम्हांला मान्य नाही असे सत्तेने म्हटले की काय होते, तेही साताऱ्याने १८४८ मध्ये आणि नागपूर-झाशीने १८५४ मध्ये अनुभवले होते. असो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर जानेवारी १९१० मध्ये छावणी उघडण्यात आली. १९४० मध्ये कचेरीची इमारत जळेपर्यंत ती चालू होती. तेथे खऱ्या आणि कागदी मुलांची निवड करायची होती. हाताशी जन्मदाखला नाही, रक्ताची चाचणी नाही. तेव्हा अधिकाऱ्यांनी भाषेचा आश्रय घेतला. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुभाष्यामार्फत विचारायचे. तुमच्या घराचे तोंड कोणत्या दिशेला? घराच्या किती पायऱ्या? तांदळाचा कणगा कोठे असतो? तुमच्या रांगेत तिसऱ्या घरात कोण राहते? गावात विहिरी किती? मग हेच प्रश्न किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बापाला विचारायचे आणि दोघांची उत्तरे जुळवायची. चौकशी संपेपर्यंत बापलेकांनी भेटायचे नाही. काहींची सुटका थोड्या दिवसांत होई, काही महिनोन्‌महिने अडकून पडत.

या पद्धतीतला विरोधाभास साहित्याच्या अभ्यासकांच्या सहज ध्यानात येईल. खऱ्या मुलाला आपल्या घराच्या पायऱ्या किती हे बहुधा ठाऊक नसते. आपण कोणी त्या मोजलेल्या असतात? बाप दहा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला, मधल्या काळात कणगा हललेला. खरी आठवण विस्कळीत असते. जुळणारी उत्तरे देई तो पढवून आलेला मुलगा. त्याच्यासाठी गावाचा नकाशा, घराची रचना, चुलत्या-आत्यांची नावे यांची टिपणे तयार केलेली असत, बोटीवर तो ती पाठ करी आणि बेट दिसू लागले की समुद्रात टाकून देई. याचा परिणाम असा झाला की खऱ्या मुलांनाही स्वतःच्या आयुष्याची टिपणे पाठ करावी लागली. स्वतःच्या बापाचा मुलगा असण्याची परीक्षा देण्यासाठी अभ्यास करावा लागणे, ही अवस्था एखाद्या कादंबरीकाराने कल्पिली असती तर आपण तिला अतिशयोक्त म्हटले असते. त्या बराकींच्या लाकडी भिंतींवर कोंडलेल्या माणसांनी कोरलेल्या चिनी कविता १९७० मध्ये उजेडात आल्या आणि पुढे ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाल्या. त्या कविता आज अमेरिकेच्या साहित्यात अभ्यासल्या जातात. चौकशीत नोंदवलेल्या हजारो प्रश्नोत्तरांकडेही साहित्य म्हणून पाहायला हवे, असे आमचे मत आहे. कारण राज्यसंस्थेने मुलांकडून सक्तीने लिहवून घेतलेली ती बालपणाची आत्मचरित्रेच आहेत.

एंजल बेट बंद झाले, पण ती प्रश्नपत्रिका बंद झाली नाही. ती उपखंडात आली. १९६२ च्या कायद्याने ब्रिटनने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या मुक्त प्रवेशावर बंधन घातले. आधी गेलेल्या पुरुषांची बायकामुले मागाहून येऊ शकत होती. १९६८ मध्ये मुलांच्या बाबतीतली अट आवळण्यात आली आणि १९६९ पासून कुटुंबीयांना निघण्यापूर्वी मायदेशीच प्रवेश-दाखला घेणे सक्तीचे झाले. सिल्हेट किंवा मीरपूरकडच्या खेड्यांत जन्मदाखला कोठून असणार? मग पुन्हा आईला वेगळे, मुलाला वेगळे, ब्रिटनमधल्या बापाला वेगळे विचारणे आले. उत्तरांतली तफावत म्हणजे खोटेपणाचा पुरावा, हे समीकरणही पुन्हा आले.

शब्दांवर विश्वास उरला नाही तेव्हा सीमेने मुलाच्या शरीराकडे मोर्चा वळवला. सत्तरच्या दशकात उपखंडातील मुलांच्या मनगटांची क्ष-किरण छायाचित्रे वय ठरवण्यासाठी काढली जात होती. हाडांवरून वय सांगताना दोनेक वर्षांची चूक सहज होऊ शकते, शिवाय उपचाराची गरज नसताना मुलाला किरणोत्सर्ग देणे वैद्यकीय नीतीत बसत नाही, अशी टीका डॉक्टरांनीच केली. अखेर १९८२ मध्ये हा प्रकार बंद झाला.

त्यानंतर तीनच वर्षांनी 'कोणाचा?' या प्रश्नाला निर्विवाद उत्तर मिळाले. सप्टेंबर १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांना डीएनएतील वैयक्तिक खुणा ओळखण्याची रीत सापडली. तिचा पहिला प्रत्यक्ष उपयोग गुन्ह्याच्या तपासात झाला असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो एका मुलासाठी झाला. ब्रिटनमध्ये जन्मलेला, वडिलांकडे घानाला गेलेला आणि तेथून आई व भावंडांकडे परतणारा हा मुलगा. अधिकाऱ्यांना त्याच्या जागी दुसराच कोणी आणला गेल्याचा संशय आला. ही बाई त्याची आई आहे, की मावशी? वडिलांचे रक्त उपलब्ध नव्हते. जेफ्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बाईच्या नात्याबद्दल वाद नसलेल्या तीन मुलांच्या खुणांवरून अनुपस्थित पित्याच्या खुणा अनुमानाने उभ्या केल्या आणि मुलगा याच मातापित्यांचा असल्याचे दाखवले. १९८५ मध्ये सरकारने हरकत मागे घेतली.

येथे संस्कृतच्या अध्यापकांना शाकुंतलाचा सातवा अंक आठवला असेल, आणि आम्हांलाही तो टाळता येत नाही. अंगठी हा त्या नाटकातला ओळखपत्राचा प्रसिद्ध प्रसंग. पण मुलाच्या ओळखीची कसोटी त्याहून सूक्ष्म आहे. मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या बालकाचा हात दुष्यंत पाहतो आणि त्यावर चक्रवर्तीची लक्षणे त्याला दिसतात. तापसी त्या दोघांच्या आकृतीतले साम्य पाहून चकित होते. आईच्या नावाचा उलगडा शब्दांच्या श्लेषातून होतो. शेवटी मुलाच्या मनगटावरचा रक्षेचा ताईत गळून पडतो. आईबाप आणि स्वतः मूल यांच्याखेरीज कोणी तो उचलला तर त्याचा साप होऊन तो दंश करणार, असा त्याचा गुण. दुष्यंत तो उचलतो आणि काहीच होत नाही. हात, चेहरा, नाव आणि अखेर स्वयंचलित ताईत. कालिदासाने सीमेवरच्या साऱ्या तपासण्या एका अंकात योजल्या आहेत. फरक एवढाच की त्या ताईताला 'हा कोणाचा?' हे ठाऊक होते. आजच्या काचेच्या दाराला ते ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचेही नाही.

डीएनएच्या कहाणीचा एक उपसंहार फारसा सांगितला जात नाही. चाचणी उपलब्ध झाल्यावर असे दिसून आले, की पूर्वी 'खोटी' म्हणून परत पाठवलेली उपखंडातील अनेक मुले खरी होती. परंतु तोवर ती अठरा ओलांडून गेली होती. मूल म्हणून येण्याचा त्यांचा हक्क वयाने संपला होता, आणि आता तुम्ही प्रौढ आहात, असे उत्तर त्यांना मिळाले. रक्ताने सत्य सांगितले. वेळ मात्र कायद्याने ठरवलेली होती.

याच सुमारास प्रश्नाची दिशा बदलू लागली. सीमेला आतापर्यंत भीती होती ती परका मुलगा आत येण्याची. आता घरचे मूल बाहेर नेले जाण्याची भीती पुढे आली. आईबाप वेगवेगळ्या देशांचे, त्यांचा काडीमोड होतो, आणि दोघांपैकी एक जण मुलाला घेऊन निघून जातो. १९८० चा हेग करार अशा पळवून नेलेल्या मुलांना परत पाठवण्यासाठी झाला. बापाच्या पासपोर्टातली ओळ या बाबतीत धोक्याची होती, कारण ज्याच्या हाती पासपोर्ट त्याच्या हाती मूल. म्हणून मुलाला स्वतःचा पासपोर्ट देण्याकडे जगाचा कल झाला. ब्रिटनने ऑक्टोबर १९९८ पासून पालकांच्या पासपोर्टात नव्याने मुलांची नावे घालणे थांबवले. युरोपीय संघात २६ जून २०१२ पासून प्रत्येक मुलाला स्वतंत्र पासपोर्ट आवश्यक झाला. मुलाचे स्वतंत्र व्यक्तित्व मान्य झाले, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. बालहक्कांचा १९८९ चा करार मधल्याच काळातला आहे. तथापि या स्वातंत्र्याची थेट प्रेरणा मुलाच्या रक्षणाची, आणि ती मुख्यतः त्याच्याच आईबापांपासून, हे विसरता येत नाही.

मग नाते गेले कोठे? ते सीमेवरून उठून कचेरीत गेले. भारतात अज्ञान मुलाचा पासपोर्ट काढताना दोन्ही पालकांच्या सह्यांचे घोषणापत्र द्यावे लागते, आणि एक सही मिळण्यासारखी नसेल तर तिच्या अभावाचे कारण वेगळ्या नमुन्यात सांगावे लागते. पालक म्हणजे कोण, हा वाद आपल्याकडे एका लेखिकेच्या नावाने सोडवला गेला आहे, याची नोंद साहित्याच्या व्यासपीठावर व्हायलाच हवी. 'द थाउजंड फेसेस ऑफ नाइट' या कादंबरीच्या लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली आणि बँकेने वडिलांची सही मागितली. १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक 'पिता, आणि त्याच्यानंतर माता' असे म्हटले आहे. 'नंतर' म्हणजे मृत्यूनंतरच का? १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या एका शब्दाचा अर्थ 'त्याच्या अभावी' असा विस्तारला. बाप जिवंत असून लक्ष घालत नसेल तरीही तो अभावच. एका शब्दयोगी अव्ययावर आईचे पालकत्व तोलले गेले. पासपोर्टच्या नियमांत तर अर्जावर आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे होण्यासाठी डिसेंबर २०१६ उजाडावा लागला. हेग करारावर भारताने सही केलेली नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, पण परदेशातून छळाला कंटाळून मुलासह माहेरी परतणाऱ्या स्त्रियांचे काय, या आक्षेपावर गाडी अडली. तो आक्षेप आम्हांला पोकळ वाटत नाही.

आता पुन्हा त्या काचेच्या दारापाशी येऊ. पासपोर्टाच्या पानावर तळाशी प्रत्येकी चव्वेचाळीस खणांच्या दोन ओळी असतात. यंत्र आधी त्या वाचते. त्यांतील पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यापासून चिपची किल्ली बनते, चिप उघडते आणि आतला चेहरा बाहेर येतो. मुलांच्या बाबतीत या चेहऱ्याचीच पंचाईत आहे. सहा महिन्यांच्या बाळाचे छायाचित्र असलेला पासपोर्ट ते चालू-बोलू लागल्यावरही वैध असतो, म्हणून मुलांच्या पासपोर्टांची मुदत सहसा पाच वर्षांची ठेवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली दोन भिन्न व्यक्तींना एकच समजण्याची चूक लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या बाबतीत अधिक करतात. एका वयाची पोरे यंत्रालाही सारखीच दिसतात. दहा वर्षांची मर्यादा ही अशी तंत्राच्या दुबळेपणातून आलेली आहे. मूल दहाव्या वर्षी 'व्यक्ती' होते, असा काही विचार तिच्यामागे नाही. युरोपच्या नव्या प्रवेश-निर्गम नोंदप्रणालीत, जी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण चेहऱ्याची प्रतिमा लहानग्यांचीही नोंदवली जाते. उन्हाळी सुटीत मुलांसह युरोप पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती लागू आहे.

शिवाय दार सर्वांसाठी नाही. ब्रिटनने मे २०१९ मध्ये अमेरिका, जपान, सिंगापूर आदी सात देशांच्या नागरिकांना या दारांतून जाऊ दिले, त्यांत भारत नव्हता. १९८३ पासून ब्रिटनमध्ये नुसते जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, पण आई किंवा वडील तेथे कायमचे स्थायिक असतील तर मिळते. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परिणामी लंडनच्या उपनगरांतील कितीतरी मराठी घरांत आईवडिलांचे पासपोर्ट भारतीय आणि मुलांचे ब्रिटिश आहेत. बारा वर्षांच्या मुलीला यंत्र ओळखायला तयार आहे, पण तिच्यासोबतच्या प्रौढांसाठी ते दार नाही. म्हणून तीही आईबापांबरोबर अधिकाऱ्याच्या रांगेत उभी राहते. मुंबईच्या विमानतळावर जानेवारी २०२५ पासून भारतीय नागरिक आणि परदेशस्थ भारतीय कार्डधारक यांच्यासाठी, पूर्वनोंदणीच्या अटीवर, अशीच दारे सुरू झाली.

या रांगेबद्दल आमची भावना सरळ नाही. मुलाकडे वाकून पाहणारा, 'ही तुझी कोण?' असे विचारणारा अधिकारी हरवू नये असे वाटते. मूल पळवून नेले जात असेल तर ते त्याच्याच ध्यानात येण्याची शक्यता आहे. पण ज्या मातांचे आडनाव मुलाच्या आडनावाहून वेगळे आहे, ज्या दत्तक मुलांचा रंग आईबापांच्या रंगाशी जुळत नाही, त्यांना हा प्रश्न प्रत्येक प्रवासात विचारला जातो आणि पिशवीतून दाखले काढावे लागतात. त्यांना यंत्राचे मौन सभ्य वाटले तर नवल नाही. एंजल बेटावरच्या मुलाला विचारले असते तर त्याने कोणते दार निवडले असते?

चव्वेचाळीस खणांच्या त्या पहिल्या ओळीत सुरुवातीचे पाच खण कागदाचा प्रकार आणि देश यांना जातात. नावासाठी एकोणचाळीस उरतात. आधी आडनाव, मग दोन बाणचिन्हे, मग बाकीची नावे आणि त्यांच्यामध्ये एकेक बाणचिन्ह. मराठी मुलाचे नाव येथे गमतीने वागते. आपल्या रीतीने त्यात बापाचे नाव असतेच. यंत्र ते मुलाचेच दुसरे नाव समजते. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांसाठी, आईचेही नाव आले आहे : आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. हे नाव तसेच पासपोर्टात उतरले तर ते एकोणचाळीस खणांत मावले पाहिजे, न मावले तर नियमाप्रमाणे शेवट छाटला जाईल. ती मुले २०३४ मध्ये दहा वर्षांची होतील. आडनाव पुढे गेल्यामुळे ओळीच्या शेवटी राहणारे नाव बापाचे असेल, आणि छाट पडली तर पहिल्यांदा तेच कापले जाईल.